मे महिन्यात माळढोक पक्षी बघायला जायचं का?

प्रश्न: मुलांना मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क करावं म्हणतोय. सोबत आई आहे, वय ६८. जमेल का?

उत्तर: दादा, मे महिन्यात अजिबात नको, पारा ४५ च्या वर जातो आणि आईंना त्या उन्हात उघड्या जीपमधे बसवणं मला तरी पटत नाही. दिवाळीची सुट्टी लागली की निघा, नाहीतर नाताळात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा सीझन. मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाडं गोठतात, स्वेटर, कानटोपी घ्याच, दहा वाजले की तेच सगळं काढून हातात धरावं लागतं. पार्क ३१६२ चौरस किमी पसरलंय, पण माळढोकसाठी त्यातल्या सुदासरी भागात जा, तेही सूर्य उगवायच्या आत. सेवण गवतात आधी नुसती पांढरी उभी मान दिसते, काळी टोपी घातल्यासारखी, मग हळूच पाऊल टाकतो तो. आपल्या सोलापूरच्या नान्नजला हा पक्षी आता जवळजवळ दिसेनासाच झालाय म्हणून मुलांना आत्ताच दाखवा, आणि गाडीतून उतरून त्याच्या मागे जाऊ नका प्लीज. थंडीत तिलोर (माळढोकच्याच कुळातला छोटा पक्षी), गिधाडंही असतात.