वस्तीवरच्या कुत्र्यांची नावं

प्रश्न : माझ्या आजीचा थोरला भाऊ तुफान सेनेत होता, एवढंच आमच्या घरी माहीत आहे. ही विशीतली पोरं रानावनात नेमकी राहत कशी? आणि फितुरांच्या पायाला खरंच पत्री ठोकत का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मी पलूस तालुक्यातला निवृत्त शाळामास्तर. माझे आजोबा १९४३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तुफान सेनेत गेले. त्यांच्याकडून ऐकलेलंच सांगतो.

क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं लोकांचं समांतर सरकार, १९४३ ते ४६ या काळात त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात चाललं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग त्यातच होता. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामभाऊ लाड यांनी कुंडलला तुफान सेना, म्हणजे या सरकारचं सशस्त्र दल, उभी केली. कुंडल औंध संस्थानात, शेजारची गावं इंग्रजांच्या मुलखात. ही हद्द पोरांच्या फार कामी आली. शेणोलीला पगाराची गाडी लुटली, १४ एप्रिल १९४४ ला खानदेशात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण असा दिवस वर्षात एखादा. बाकीचे दिवस चालण्याचे.

आजोबा रात्री अनवाणी चालत. "पायताण वाजतं," म्हणायचे. दिवसा उसात नाहीतर शाळूत पडून राहायचं, खोकला आला तर तोंडात धोतराचा बोळा. एका वस्तीवर दोन रात्री झोपायचं नाही. प्रत्येक वस्तीवरच्या कुत्र्याचं नाव त्यांना पाठ होतं. लांबूनच हळू हाक मारायची, म्हणजे कुत्रं भुंकत नाही. म्हातारपणी माणसांची नावं विसरले, पण कुत्र्यांची ओळीनं सांगायचे.

पत्रीचं म्हणाल, तर बैलाच्या खुराला ठोकतात तशी माणसाच्या पायाला ठोकत, ही गोष्ट गावोगाव पसरली आणि 'पत्री सरकार' हे नाव पडलं. आजोबांना ते आवडत नसे. शिक्षा होती तळपायावर काठीनं मारायची, आणि तीसुद्धा गावासमोर न्याय झाल्यावर, असं ते सांगत. ते स्वतः अशा एका शिक्षेला हजर होते. त्याबद्दल विचारलं की उठून गोठ्यात जात. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आजीच्या भावाचा माग काढायचा असेल, तर आधी घरात स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचे कागद शोधा. भूमिगताच्या अर्जाला वॉरंट, फरारी म्हणून जाहीर केल्याचा कागद किंवा तुरुंगाचा दाखला जोडलेला असतो. त्यात गाव आणि साल सापडेल.

आणि आजी हयात असतील तर आजच जाऊन बसा त्यांच्याजवळ. भावाचं नका विचारू, त्यांचंच विचारा. माझी पणजी तीन वर्षं रोज आठ भाकरी जादा थापायची. वैरणीच्या भाऱ्यात घालून डोक्यावरून रानात न्यायची. वाटेत फौजदार भेटला तरी भारा उतरवला नाही. तिच्या नावाचं वॉरंट कधी निघालं नाही, म्हणून कुठल्या कागदावर ती नाही. आजींच्या घरी भाकरी कोण थापत होतं, कोण पोचवत होतं, ते लिहून घ्या आणि आम्हाला पाठवा.