रात्रीची चाहूल आणि उशाजवळचं पिस्तूल

अमेरिकेतल्या काही मराठी घरांतही आता संरक्षणासाठी पिस्तूल असतं. ते सुरक्षितपणे हाताळायला मी शिकवतो. चोर समजून घरच्याच माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या वाचून अनेकांनी प्रश्न पाठवले, त्यांतले चार इथे घेतो.

प्रश्न: स्वतःचा मुलगा ओळखू येत नाही, हे शक्य तरी आहे का?

आहे, आणि नजर उत्तम असली तरीही. अंधारात आपण जिथे रोखून बघतो तेच सगळ्यात कमी दिसतं, कारण दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी नसतात. रंगही कळत नाहीत. मुलाचा लाल टी-शर्ट काळा दिसतो. त्यात गाढ झोपेतून दचकून उठलेला माणूस काही मिनिटं पुरता भानावर नसतो. मनात ‘चोर’ आधी आला, की समोरची आकृती चोराचीच होते.

प्रश्न: आम्ही ह्यूस्टनला राहतो. नवरा भरलेलं पिस्तूल बेडशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. आता पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. माझी भीती उगाच आहे का?

मुळीच उगाच नाही. पहिले आठ-दहा दिवस तर फारच जपा. उन्हाळ्यात तुमच्याकडे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचा दीड झालेला असतो. बाबा टक्क जागे असणार. तुमची झोपमोड नको म्हणून दिवा न लावता किचनमध्ये जाणार, चहाच्या भांड्यासाठी कपाटं उघडणार. मोकळ्या हवेसाठी मागचं दार उघडलं, तर अलार्मही वाजेल. वर झोपलेल्या तुमच्या नवऱ्याला ही चोराचीच चाहूल वाटेल.

पिस्तूल आजच ड्रॉवरमधून काढून कुलुपाच्या पेटीत ठेवायला लावा, आणि ती पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला असू द्या. उठून चार पावलं चालावं लागलं, कोड दाबावा लागला, की झोप उतरते. जिना, पॅसेज, किचन इथे रात्रभर छोटे दिवे ठेवा. बाबांना अलार्म बंद करायला शिकवा.

आवाज आला की आधी घरची माणसं मोजायची. शेजारी अंथरुणात हात फिरवून बघा, मग खोलीच्या दारातूनच मोठ्यानं विचारा, “कोण आहे?” ऐकणाऱ्यानं लगेच ओ द्यायची, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. बाबांना कमी ऐकू येत असेल तर हाकेवर विसंबू नका. ओ आली नाही म्हणजे चोरच, असं होत नाही. शोधायला खाली उतरू नका. दार लावून घ्या आणि ९११ ला फोन करा. हाकेनं चोर सावध होईल, असं वर्गात कुणीतरी म्हणतंच. होऊ दे सावध, पळून जाईल!

नवऱ्याला हेही दाखवा: कॅलिफोर्नियातल्या २००४ ते २०१६ या काळाच्या नोंदींवरचा स्टॅनफर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्या प्रौढांचा खून होण्याचं प्रमाण, पिस्तूल नसलेल्या घरांतल्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं.

प्रश्न: पिस्तुलावरच टॉर्च बसवला तर?

मग कोण आहे हे बघायलाही त्याच्यावर नळी रोखावी लागते. टॉर्च वेगळा, दुसऱ्या हातात हवा. भिंतीवरचं बटण त्याहून बरं. आणि इथल्या जिप्समच्या भिंतीतून गोळी सहज आरपार जाते. पलीकडे मुलांची खोली असेल तर?

प्रश्न: असं घडलं तर कायदा अपघात मानतो का?

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. घरात घुसणाऱ्याविरुद्ध बळ वापरणाऱ्याला फ्लोरिडाचा कायदा मोठं झुकतं माप देतो, पण समोरचा त्याच घरात कायदेशीरपणे राहणारा असेल तर ते झुकतं माप मिळत नाही. मग भीती वाजवी होती का, हे तपासलं जातं.

दक्षिण आफ्रिकेतली दोन प्रकरणं बघा. २००४ मध्ये माजी रग्बीपटू रुडी व्हिसाजी यांनी पहाटे आपली गाडी चोर नेतोय असं समजून गोळी झाडली. गाडीत त्यांची मुलगी होती, ती गेली. त्यांच्यावर खटला चालवला गेला नाही. धावपटू ऑस्कर पिस्टोरियसनं १४ फेब्रुवारी २०१३ ला स्वच्छतागृहाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या आणि प्रेयसी रीवा स्टीनकॅम्प मरण पावली. आत चोर आहे असं वाटलं, हा त्याचा बचाव. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं तो खूनच ठरवला: आत कोणीही असो, एवढ्याशा जागेत चार गोळ्या झाडल्या तर तो मरू शकतो हे त्याला कळत होतं. शिक्षा शेवटी तेरा वर्षं पाच महिन्यांची झाली.

तुमच्या राज्यात काय नियम आहे ते वकिलाकडून समजून घ्या, तेही पिस्तूल विकत घेण्याआधी.