बाटली उघडण्याआधी

अरे, हायड्रोक्लोरिकची बाटली फ्यूम हूडबाहेर, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, उघडू नकोस. सुमारे ३७ टक्क्यांचं, म्हणजे १२ मोलरचं (मोलर हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) आम्ल ते; झाकण काढताच धूर येतो, नाक झोंबतं. लिटरभर ०.१ मोलर द्रावणाला ८.३ मिलि पुरतं. आधी पाणी, मग त्यात हळूहळू आम्ल. उलटं कधीच नाही. माझ्या पहिल्या ॲप्रनची भोकं बघ हवं तर!

‘पोटातही हेच असतं की’ असं सगळेच नवे म्हणतात. असतं, सामू (pH) दीड ते साडेतीन. पण जठराला आतून श्लेष्म्याचा थर असतो, त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट. तुझ्या बोटांना तसलं काही नाही. शिवाय बाटलीतलं कितीतरी पट तीव्र. हातावर उडालंच तर पंधरा मिनिटं नळाखाली धर, खायचा सोडा चोळत बसू नकोस.