मुंबई–न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती?

आईबाबांच्या तिकिटावर निघायची वेळ रात्री 1:30, पोचायची सकाळी 7:30 आणि तारीख तीच, मग प्रवास सहाच तासांचा का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय अंतर एकीकडे 6,770 दिसतं, दुसरीकडे 7,800. अंतराचे दोन्ही आकडे ठीक आहेत: पहिले सागरी मैल, दुसरे साधे मैल. किलोमीटरमध्ये ते साधारण साडेबारा हजार होतं.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. तिकीट जूनचं आहे, म्हणून सहात साडेनऊ मिळवा: साडेपंधरा तास. परतीला उलटं. सकाळी 11:30 ला निघून दुसऱ्या दिवशी 11:30 ला मुंबई, म्हणजे दिसायला चोवीस, पण साडेनऊ वजा केले की साडेचौदा.

जाताना तासभर जास्त का? दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून अंतराला ताशी 900 किलोमीटरने भागून येणारे चौदा तास फक्त अंदाजाला ठीक. तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो, धावपट्टीसाठी ताटकळणंही त्यातच आलं.

वाटेची गंमत बघायची तर भिंतीवरचा नकाशा सोडा. त्यावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, सहारा करत जाते आणि तो रस्ता 14,200 किलोमीटर भरतो. घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, साडेबारा हजारांचा सगळ्यात जवळचा रस्ता तोच: सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, नॉर्वे, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून खाली. मला अजूनही हे बघायला मजा येते.

अर्थात विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. त्यामुळे कुठल्या कंपनीचं तिकीट आहे त्यावरही तास बदलतात. जुन्या प्रवासाचा आकडा धरू नका, हातातलं तिकीट बघा.

खरा घोटाळा मात्र तारखेचा होतो. आमच्या मामांचं विमान 12 तारखेला रात्री दीडचं होतं. मामा 12 ला रात्री जेवूनखाऊन, बॅगा बांधून थाटात विमानतळावर हजर! विमान आदल्या रात्रीच गेलेलं. तेव्हा बाबांना नुसती तारीख सांगू नका, "11 ला संध्याकाळी लवकर जेवून आठ वाजता घर सोडायचं" असं सांगा.