वाचक विचारतात : उणे एकमधला पाऊस, मनालीचा बर्फ आणि खारघरची धूळ

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. फेब्रुवारी संपत आला की तिच्या फोनवर 'विंट्री मिक्स' असा अंदाज येतो. परवा म्हणाली, "आई, बाहेर उणे एक आहे आणि पाऊस पडतोय." शून्याखाली पाऊस कसा पडेल? आणि तिने काय जपावं?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : थर्मामीटर जमिनीपासून दीड-दोन मीटरवरची हवा मोजतो. पडणार काय, हे त्यावरच्या दोन-तीन किलोमीटरांत ठरतं. तिकडच्या हिवाळी ढगातून बहुधा हिमच निघतं. वाटेत शून्याच्या वरचा उबदार थर लागला की ते वितळू लागतं. थर एक-दोन अंशांचाच असेल तर कणाचा गाभा बर्फाचा उरतो आणि खालच्या थंडीत पुन्हा गोठून त्याचा खडा होतो. कच्च्या साबुदाण्याएवढे हे खडे जॅकेटवरून टणकन उडतात. अमेरिकेत यालाच स्लीट म्हणतात. (ब्रिटनमध्ये स्लीट म्हणजे पाणी आणि हिम एकत्र; लंडनच्या भाच्याने वेगळं सांगितलं तर दोघांचंही बरोबर.)

उबदार थर तीन अंशांहून अधिक आणि जाड असेल तर कण पुरता वितळतो. त्याखाली थंड हवेचा थर काहीशे मीटरांचाच असला, तर थेंबाला गोठायला ना वेळ मिळतो, ना गोठण सुरू करून देणारा बर्फाचा कण. तो शून्याखाली जाऊनही पाणीच राहतो आणि रस्ता, कठडा, वीजतार, कशालाही टेकला की गोठतो. ही फ्रीझिंग रेन. झाडाच्या काडीकाडीवर पाक चढवल्यासारखा काचेचा थर बसतो. मुलीने पाहिला तो पाऊस हाच.

न्यू जर्सीकडे हे वारंवार होतं, कारण समुद्रावरची उबदार हवा हलकी म्हणून वर चढते आणि ॲपलाचियन डोंगरांच्या पूर्वेला साचलेली थंड, जड हवा खालून हलत नाही. एकाच वादळात किनाऱ्यावर पाऊस, थोडं आत फ्रीझिंग रेन आणि डोंगराकडे हिम, असं होतं. मधल्या थराचा एका अंशाचा अंदाज चुकला की सगळं बदलतं. त्यामुळे 'मिक्स' या शब्दाला अंदाज देणाऱ्याची पळवाट समजू नका. अंदाजात तापमान 30 ते 34 फॅरनहाइटच्या दरम्यान असेल (32 म्हणजे आपलं शून्य), तर त्या दिवशी गाडी काढूच नये, हे आमचं स्पष्ट मत.

काढावीच लागली तर पूल आधी गोठतात हे लक्षात ठेवावं, कारण तिथे थंड हवा वरून आणि खालूनही लागते. पुलावर ब्रेक दाबू नये, वेग आधीच उतरवावा. मीठ पाऊस सुरू होण्यापूर्वी पसरावं. साधं मीठ उणे 9-10 सेल्सिअसखाली फारसं काम करत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. गाडीच्या काचेवर गरम पाणी मुळीच ओतू नये, काच तडकते. तारांवर बर्फाचा पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर थर बसला तरी फांद्या मोडून वीज जाऊ शकते, तेव्हा फोन आणि पॉवर बँक आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवावेत. मार्चमध्ये आणखी एक फसवणूक होते: दुपारच्या उन्हाने बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं आणि रात्री गोठतं. सकाळी आकाश निरभ्र असतं, पण रस्त्याची काच झालेली असते.

प्रश्न : मार्चच्या पहिल्या आठवड्यात मनालीला जातोय. बर्फ मिळेल की नुसता पाऊस?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : उंचीचा हिशेब करा. ओल्या हवेत हजार मीटर चढलं की साधारण सहा अंश उतरतात. मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे, अटल बोगद्याचं दक्षिण तोंड त्याहून हजारेक मीटर वर. मनालीत 5 अंश आणि पाऊस असेल तर बोगद्यापाशी उणे एक आणि हिम. मधे सोलंगला दोन्ही मिसळून. हवा कोरडी असेल तर 3-4 अंशांतही हिम जमिनीपर्यंत पोचतं, कारण वितळताना आणि विरताना ते भोवतीची हवा गार करत येतं.

तारखांपेक्षा पश्चिमी झंझावातावर नजर ठेवा (बातम्यांत ज्याला वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात तो). तो येताना हवा थोडी उबदार होते, जाताना मागून थंडी ओढून आणतो, म्हणून मनालीत पावसाने सुरुवात होऊन शेवट हिमाने होऊ शकतो. परत खाली उतरायचं ते दुपारी चारच्या आत. चाकांना साखळ्या लावायच्या तर ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांनाच. आणि जीन्स नको. भिजली की वाळत नाही.

प्रश्न : ठाणे जिल्ह्याला यलो अलर्ट होता, 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस'. आमच्या खारघरला नुसती धूळ उडाली आणि गच्चीवरचा पत्रा गेला. अंदाज फसला ना?
– एक वाचक, खारघर

उत्तर : आधी जिल्हा. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. तुम्ही रायगडचा इशारा बघायचा.

आता शब्द. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. 'हलका' म्हणजे 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर, एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. शहापूर-मुरबाडला सरी पडल्या आणि ठाणे-नवी मुंबई कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. यलो म्हणजे सावध राहा, एवढंच. तयारीला लागण्यासाठी ऑरेंज असतो.

धुळीचं कारण वेगळं. या दिवसांत ढगाचा तळ उंच असतो आणि खालची हवा कोरडी. थेंब वाटेतच विरतात, त्यांनी गार केलेली जड हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून पसरते. पाऊस आलाच नाही म्हणून वारा येणार नाही, असं धरू नका. असल्या ढगांत कोरडा वाराच जास्त नुकसान करतो. दुपारी पूर्वेकडे ढग चढताना दिसले की पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा आणि कुलाबा किंवा वेरावली रडारचं चित्र बघा. पत्रे बांधा, कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर गच्ची सोडा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

प्रश्न : विदर्भ-मराठवाड्यात गारा पडतात, मग ठाण्यात का नाही? आणि गार म्हणजेच ते स्लीट का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : गारेला उंच वाढणारा ढग लागतो: खाली तापलेली दमट हवा, वर थंड कोरडी. आतल्या भागात मार्चची जमीन ते काम करते. 2014 मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे काय झालं ते शेतकऱ्यांना आठवतं. आपल्याकडे समुद्रवारा खालची हवा गार ठेवतो, ढग उंचावतच नाही. ठाण्यात गारा अगदीच अशक्य नाहीत, पण शहापूर-मुरबाडकडे शक्यता अधिक.

स्लीट वेगळं. ते पसरट हिवाळी ढगातून एकदाच खाली येतं. गार वादळी ढगात वर उचलली जाऊन वाढते आणि तिचा व्यास 5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असतो. मोठी गार सापडलीच तर पटकन फ्रीजरमध्ये टाका आणि नंतर सुरीने मधोमध चिरा. कांद्यासारखे थर दिसतील, एक दुधट, एक काचेसारखा.