रयत आणि रईय्ये: एकच शब्द, दोन संसार

सिडनीहून एका वाचकानं विचारलं आहे: "हॅरिस पार्कमध्ये आमच्या शेजारच्या लेबनीज कुटुंबात बाप्तिस्मा आहे. निमंत्रण अरबी आणि इंग्रजीत छापलंय. इंग्रजीत जिथे 'पॅरिश' आहे तिथला अरबी शब्द शेजारणीनं 'रईय्ये' असा वाचून दाखवला. ही आपली रयत तर नव्हे? असेल, तर चर्चची रयत म्हणजे कोण, कुळं की प्रजा? बोलताना त्यांनी 'ईमान' हा शब्दही वापरला. रईय्येत राहूनच ईमान जगायचं असतं, असं काहीसं म्हणाल्या. हे मराठीत कसं सांगायचं? आणि तिथल्या पाद्रीबाबांना हाक काय मारायची?"

पहिल्याचं उत्तर सोपं. हो, ही आपलीच रयत. मूळ अरबी धातूचा अर्थ चारणं, राखणं. जो राखतो तो 'राई', म्हणजे मेंढपाळ. ज्यांना राखायचं ती 'रईय्या', म्हणजे कळप. लेबनॉनच्या बोलीत शेवटचा 'आ' 'ए'कडे झुकतो, म्हणून शेजारणीच्या तोंडी 'रईय्ये' आलं. आपल्याकडचा 'त' कुठून आला म्हणाल, तर तो अरबीतही लपलेला आहेच. पुढे दुसरं नाम जोडलं की तो बाहेर येतो: 'रईय्यत मार मारून', म्हणजे संत मारून यांचं पॅरिश. फारसीनं असे शब्द 'त'सकट उचलले आणि फारसीकडून ते आपल्याकडे आले. दौलतीचंही तसंच. लेबनॉनमध्ये 'दौले' म्हणजे राज्य, सरकार. आपण संपत्तीला दौलत म्हणतो खरे, पण पेशवाईच्या कागदांत 'मराठी दौलत' म्हणजे मराठी राज्यच.

मात्र दोन्हीकडे या शब्दाचा संसार वेगळा झाला. राज्यकर्ता हा राखणदार ही कल्पना त्या भागात फार जुनी. 'तुमच्यातला प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या रयतेबद्दल जाब द्यावा लागेल' अशा अर्थाची एक प्रसिद्ध हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. तिच्यात राई आणि रईय्या हे दोन्ही शब्द जोडीनं येतात. पुढे उस्मानी तुर्कांच्या कारभारात 'रेआया' म्हणजे कर भरणारी प्रजा, आणि नंतर नंतर तर विशेषतः ख्रिस्ती प्रजा. आपल्याकडे रयत म्हणजे आधी जमीन कसणारा, मग एकूणच राजाची प्रजा. शिवकाळातल्या पत्रांत रयतेला उपद्रव देऊ नका म्हणून ताकिदी आहेत, इंग्रजांच्या काळात रयतवारी आली आणि 1919 मध्ये भाऊराव पाटलांनी आपल्या संस्थेला 'रयत' हेच नाव दिलं. या सगळ्या प्रवासात मेंढपाळ मात्र गळून पडला. मराठी माणसाला रयत म्हटल्यावर शेत दिसतं, सारा दिसतो, राजा दिसतो. कळप दिसत नाही.

अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तो अजून दिसतो, कारण योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला 'उत्तम मेंढपाळ' म्हणतो आणि तिथेही शब्द 'राई' हाच आहे. मॅरोनाइट म्हणजे संत मारून यांचं नाव लावणारा लेबनॉनचा कॅथलिक पंथ, तुमच्या शेजारीणही बहुधा त्यातल्याच. त्यांच्या सध्याच्या पॅट्रिआर्कांचं, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंचं, आडनावही हेच. बिशारा बुत्रोस अल-राई 2011 मध्ये निवडून आले. मधलं 'बुत्रोस' म्हणजे पेत्र; अंत्युखिया या प्राचीन शहरातल्या धर्मगादीवर पहिला पेत्र बसला असं मानतात, म्हणून प्रत्येक पॅट्रिआर्क ते नाव घेतो.

तेव्हा चर्चची रयत म्हणजे कुळं नव्हेत. प्रजा मात्र अगदीच नव्हेत असं म्हणवत नाही. लेबनॉनमध्ये सरकारमान्य 18 पंथ आहेत आणि लग्न, घटस्फोट या गोष्टी ज्याच्या त्याच्या पंथाच्या कायद्यानं चालतात. देशात नागरी विवाहाची सोय नाही. तसं लग्न करायचं तर जोडपी सायप्रस गाठतात. म्हणजे तिथे रईय्येच्या वहीतली नोंद ही नुसती भक्तीची बाब राहत नाही. सिडनीत तसं काही नाही. तिथे मॅरोनाइट धर्मप्रांत 1973 मध्ये झाला, रेडफर्नला त्याचं कॅथेड्रल आहे आणि तुमच्या हॅरिस पार्कात, आज लिटल इंडिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, 'अवर लेडी ऑफ लेबनॉन' आहे. तिथली रईय्ये कायद्यानं बांधलेली नाही. माणसं आपणहून येतात म्हणून ती टिकून आहे. तुमच्या शेजारीण 'राहूनच' म्हणाल्या त्यातला 'च' मला म्हणून महत्त्वाचा वाटतो.

एक गंमत सांगायलाच हवी. लेबनॉनमध्ये रईय्येच्या मालमत्तेला, म्हणजे देवळाची जमीन, जैतुनाची झाडं, सभागृह या सगळ्याला, वक्फ म्हणतात. ती सांभाळायला गावकऱ्यांची 'लजनत अल-वक्फ', म्हणजे वक्फ समिती असते. वक्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मशीद आणि दर्गाच येतो, पण अरबी बोलणाऱ्यांना हे शब्द कुठल्या एका धर्माचे वाटत नाहीत. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतात ती 'तालीम मसीही'. आमच्या कोल्हापूरकरांना हे ऐकून लाल माती आठवली तर त्यात त्यांचा दोष नाही.

आता ईमान. अरबीत ईमान म्हणजे विश्वास, श्रद्धा. मुसलमानाचंही ईमान आणि ख्रिस्ती माणसाचंही ईमानच. मराठीत इमान म्हणजे प्रामाणिकपणा, मिठाला जागणं. आपण इमाने-इतबारे नोकरी करतो, कुत्रा इमानी असतो. अर्थ घसरला असं कुणी म्हणेल, मला तसं वाटत नाही. मनातला विश्वास बाहेर दिसतो तो वागण्यात, आणि मराठीनं नेमकं ते वागणंच उचललं. अरबीत 'श्रद्धा जगणं' याला 'ऐश अल-ईमान' म्हणतात. ऐश म्हणजे जगणं. त्याची आपल्याकडे काय गत झाली ते सांगायला नको. 'इमानाची ऐश' असं भाषांतर मात्र कृपा करून शेजारणीला ऐकवू नका.

रईय्येत राहून हे जगणं कसं दिसतं ते तुम्हाला बाप्तिस्म्याच्या आसपासच्या एखाद्या रविवारी पाहता येईल. मिस्साविधीला ते अरबीत 'कुद्दास' आणि सिरियाक भाषेत 'कुर्बोनो' म्हणतात. भाकरी आणि द्राक्षारसावरचे मुख्य शब्द आजही सिरियाकमध्येच गायले जातात. मला त्यातला शांतिदानाचा भाग सगळ्यांत बोलका वाटतो. याजक आधी वेदीला हात लावतो, ती शांती सेवकांच्या हातांत देतो, सेवक खाली उतरून बाकांवरच्या पहिल्या माणसांना देतात आणि तिथून ती हातोहात शेवटच्या ओळीपर्यंत जाते. जोडलेल्या हातांना दुसऱ्याचे हात स्पर्श करतात, एवढंच. स्वतःची शांती स्वतः घेता येत नाही, शेजाऱ्याकडूनच मिळते. उपवासकाळ राखेच्या सोमवारी सुरू होतो. वसईच्या कॅथलिकांचा तो राखेच्या बुधवारी, म्हणजे मॅरोनाइट दोन दिवस आधीच बसतात. 9 फेब्रुवारीला मार मारून यांचा सण असतो. लेबनॉनमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत वयावार मंडळं असतात, त्यांना 'अखविय्या' म्हणतात, म्हणजे भाऊबंदकीच. आपल्या भांडणातली नव्हे, मूळ अर्थाची.

श्रद्धा जगणं म्हणजे येशूचं शिष्य होणंही. अरबीत शिष्य म्हणजे 'तिल्मीझ', सिरियाकमध्ये 'तल्मिदो'. शाळेतल्या विद्यार्थ्यालाही अरबीत तिल्मीझच म्हणतात. मॅरोनाइटांच्या बाबतीत हा शब्द पायाशीच आहे. मारून हे चौथ्या-पाचव्या शतकातले तपस्वी. उत्तर सीरियात किर्रूस शहराजवळच्या एका टेकडीवर ते उघड्यावर राहत; किर्रूसचा बिशप थिओडोरेट यानं त्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांनी चर्च काढलं नाही. त्यांच्या पश्चात ओरोंतीस नदीच्या खोऱ्यात त्यांच्या नावाचा मठ उभा राहिला, मठाभोवती माणसं जमली, पुढे ती लेबनॉनच्या डोंगरांत, कादिशाच्या दरीत सरकली, आणि गावं वसली तशा रईय्ये झाल्या. म्हणजे इथे आधी शिष्य आले आणि चर्च नंतर. ही साखळी पुढेही दिसते. एकोणिसाव्या शतकात क्फिफानच्या मठात निमतुल्ला अल-हर्दिनी शिकवत होते आणि त्यांच्यापुढे बसून शारबेल मख्लूफ शिकत होते. शारबेल यांना 1977 मध्ये संतपद मिळालं, गुरूंना 2004 मध्ये. शिष्य 27 वर्षं आधी संत झाला. लेबनीज घरात मोठ्या दाढीच्या, काळी टोपी घातलेल्या साधूचं चित्र दिसलं तर ते शारबेलच, हे बिनधास्त ओळखा.

मराठीत लिहायचं तर रईय्येला 'रयत' लिहू नये. व्युत्पत्ती बरोबर असली तरी वाचणाऱ्याला सारा भरणारी प्रजाच दिसेल. मराठी कॅथलिकांनी पॅरिशसाठी 'धर्मग्राम' हा शब्द घडवला आहे आणि वसईत तो रुळलाही आहे; तोच वापरावा. त्यात गाव आहे, आणि लेबनॉनच्या डोंगरात तर गाव आणि रईय्ये बहुधा एकच. प्रॉटेस्टंटांची 'मंडळी' कानाला जास्त गोड लागते, पण ती जमलेल्या माणसांची. धर्मगुरू, वही, वक्फ हे सगळं तिच्यात मावत नाही. गोव्याच्या कोकणीत 'फिर्गज' म्हणतात, ते पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून. त्याच्या मुळाशी लॅटिनमधली 'चर्चची लेकरं' आहेत. इंग्रजी पॅरिशच्या मुळाशी परक्या मुलखात वस्तीला असलेले लोक आहेत, आणि सिडनीतल्या लेबनीजांना तोही शब्द शोभून दिसतो. शेजारणीचं वाक्य मी असं करीन: 'आमची श्रद्धा धर्मग्रामात राहूनच आचरायची असते.' व्रत आचरतात, धर्म आचरतात, त्यामुळे मराठी कानाला ते खटकणार नाही. 'शिष्यत्व' टाळता आलं तर टाळा. 'येशूच्या मागे चालणं' पुरेसं आहे, वारकऱ्यांच्या मुलखात ते समजावून सांगावं लागणार नाही.

पाद्रीबाबांना 'अबूना' म्हणा, म्हणजे 'आमचे बाबा'. त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलताना 'खूरी' म्हणतात. तुमच्या ओळखीत एखादं खूरी आडनावाचं कुटुंब असेल, तर त्यांच्या पूर्वजांत कुणीतरी धर्मगुरू होता असं खुशाल समजा. यात नवल नाही. मॅरोनाइटांत लग्न झालेल्या पुरुषालाही याजकपदाची दीक्षा मिळू शकते, फक्त दीक्षेनंतर लग्न करता येत नाही. बाप्तिस्म्याला अबूनांसोबत त्यांची बायको भेटली तर गोंधळून जाऊ नका. तिला 'खूरिय्ये' म्हणतात.