सुंता झाल्यावर ऑपरेशन न करता कातडी परत येते का?

तुम्ही विचारलंय की लहानपणी सुंता झाली, आता ऑपरेशनशिवाय कातडी वाढवता येईल का, किती दिवस लागतील आणि साधन कोणतं घ्यावं.

कातडी वाढते. पण जे कापून टाकलं ते परत येत नाही. दोन्ही गोष्टी स्वतःच्या अंगावर बघितल्यात म्हणून लिहायला बसलो.

माझी लहानपणी नाही, पंचविसाव्या वर्षी झाली, मिरजेत. कातडी मागं जात नव्हती आणि लग्न ठरलेलं. डॉक्टरांनी मिनिटभर बघितलं आणि "काढून टाकू" म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत थोरल्या भावानं होकार दिला. बाहेर आल्यावर म्हणतो, "लग्नाआधी उरकून टाक. एवढ्याशा कातडीचं काय घेऊन बसलाईस?" बीटामेथासोन नावाचं स्टिरॉइडचं मलम महिना-दीड महिना लावून बऱ्याच जणांची कातडी सैल होते, हे त्या दोघांपैकी एकानंही मला सांगितलं नाही. मला ते कळलं टाके विरघळून गेल्यावर.

नंतर चड्डीचं कापड टोकाला घासायचं. रोज मिरजेहून सांगलीला गाडीवर जायचो, विश्रामबाग येईपर्यंत जीव नकोसा व्हायचा. वर्षभरानं त्रास कमी झाला, कारण टोक कोरडं आणि राठ पडलं. दादाला सांगितलं तर म्हणे, "जगात कोट्यवधी लोकांची होते, ते कुठं तक्रार करतात?" अरे, ज्याची तान्हेपणी झाली त्याला आधीचं काही आठवतच नाही. मला आठवत होतं.

त्वचेला सतत हलका ताण दिला की पेशी वाढून नवी त्वचा तयार होते. भाजलेल्या माणसासाठी जादा कातडी हवी असली की प्लास्टिक सर्जन चांगल्या कातडीखाली फुगा ठेवून हळूहळू फुगवतात, तत्त्व तेच. मी मायक्रोपोर, म्हणजे जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी, वापरली. बायको रात्रीच बोटाएवढे तुकडे कापून ठेवायची. सकाळी कातडी टोकाकडं ओढून चिकटवायचे, संध्याकाळी खोबरेल लावून सावकाश सोडवायचे. एकदा घाईत ओढली तर साल निघालं आणि आठ दिवस सगळं बंद. अडीच वर्षांनी एरवीच्या स्थितीत टोक निम्मं झाकायला लागलं. राठपणा बराच गेला. याहून जास्त वर्षंही लागतात.

पण कॅनडातल्या जॉन टेलर यांनी १९९६ साली कातडीच्या आतल्या कडेला असलेल्या सुरकुत्यांच्या एका पट्ट्याचं वर्णन केलंय, त्यात स्पर्श ओळखणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. तो पट्टा कितीही ओढलं तरी उगवत नाही. म्हणूनच माझा राग गेलेला नाही.

पुढं दादाच्या मुलाला पाचव्या वर्षी तेच ऑपरेशन सांगितलं, तेव्हा मी आडवा पडलो. त्या वयात कातडी मागं न जाणं बहुतेकदा नैसर्गिक असतं. डेन्मार्कच्या ऑस्टर यांनी १९६८ साली शाळकरी मुलांचा अभ्यास छापला, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत अशी घट्ट कातडी जेमतेम १ टक्का उरली होती. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी काहीच करू नका म्हणून सांगितलं. पुतण्या आता नववीत आहे, कसलाही त्रास नाही. दादा अजून म्हणतो की मी उगाच तमाशा केला. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांनी सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचाराच.

साधनाचं म्हणाल तर आधी काही महिने नुसत्या हातानं, दुखणार नाही इतपत ओढून बघा, पैसे नंतर घाला. वजनं लटकवू नका. पट्टी गोल आवळून बांधू नका, रात्री काढून ठेवा. टोक निळसर पडलं, बधिर झालं तर लगेच सोडा. आणि कातडी पांढरी, टणक पडत चालली असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, तिथं कधी कधी ऑपरेशन खरंच लागतं. मोठेपणी कातडी अचानक घट्ट झाली असेल तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या.